पहिल्या पानावरची निळी ओळ

मी बोलतोय. तेजकवच या चित्रकथेचा पहिला अंक. जन्मलो तेव्हा बत्तीस पानांचा होतो, आता तीस आहे. जाहिरातींचं एक पान कुणीतरी फाडून नेलं. त्याचं मला काही नाही, नेऊ दे. माझा राग आहे तो पहिल्या पानासाठी. सतरा वर्षं मी तो सांभाळला.

माझं बोलणं तुम्हाला जरा सावकाश वाटेल. भिमाजींच्या दुकानात हयात गेली, म्हणून बोलणं त्यांचंच लागलं. स्वभाव मात्र लागला नाही. ते विसरून जातात. मला ते जमत नाही. कागदावर एकदा लिहिलं की लिहिलं.

नव्वद सालात दूर उत्तरेकडच्या एका छापखान्यात मी जन्मलो. भाषा हिंदी, पण नाशिकच्या पोरांना त्याचं कधी अडलं नाही. हात बदलत बदलत रद्दीत आलो, आणि रद्दीतून पंचवटीत, भाजी बाजाराच्या मागच्या गल्लीत, भिमाजींच्या सायकल दुकानात. त्यांनी आमचा गठ्ठा घेतला होता तो नट-बोल्टच्या पुड्या बांधायला. माझे दोन भाऊबंद तसे गेलेही. पण पंक्चर निघेपर्यंत ताटकळलेली पोरं पुड्यांचेच कागद वाचायला लागली. ते पाहून भिमाजींनी दुकानात आडवी सुतळी बांधली आणि आम्हाला कपड्यांसारखं चिमटे लावून टांगलं. शिवण उसवली की दाभणानं ते स्वतः शिवायचे. पोरं भाड्यानं न्यायची, नाहीतर तिथंच दोन जुन्या टायरांच्या चवडीवर बसून वाचायची.

भिमाजी मखमलाबादकडच्या मळ्यातले. लहानपण शेवंती खुडण्यात आणि मेथीच्या जुड्या बांधण्यात गेलं, शाळा राहिली. आकडे येतात, अक्षर येत नाही. पण नव्या वाचकानं कुठून सुरुवात करावी हे साऱ्या पंचवटीत त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं.

नवं पोर आलं की जुनी पोरं त्याला घेरायची.

"दिवाळीचा जाड अंक घे. त्यात सगळे एकदम भेटतात," एक सांगायचा.

"सहावा घे रे. पहिल्या पानापासून हाणामारी."

"सहाव्यात कोण कुणाला का हाणतोय ते याला कळणारे का? तुला तरी कळलं होतं का?"

भिमाजी खाली पाटावर बसलेले. घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब फिरवत, बुडबुडे कुठून येतात ते बघत म्हणायचे, "भांडू नका. पैला काढा."

पहिला म्हणजे मी. आणि हे त्यांनी कुणाला विचारून ठरवलेलं नव्हतं. ते खाली बसायचे, त्यामुळे पोरांचे पाय त्यांच्या नजरेसमोर. टायरावर बसलेलं पोर पाय हलवतंच. चांगलं चाललं असलं तरी हलवतं, कंटाळलं तरी हलवतं. पण मला वाचताना एका जागी प्रत्येकाचा पाय थांबायचा. भिमाजींनी वाकून पाहिलं, तर पान एकोणतीस. त्या पानावर तेजकवचचा मुखवटा निघतो. आख्खं गाव वाचवणारा तो वीर निघतो शाळेतला घंटा वाजवणारा शिपाई, ज्याला तोवर सगळे हिडीसफिडीस करत असतात. भिमाजींना त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्यांनी फक्त पाय पाहिले आणि ठरवलं, नव्या माणसाला हाच द्यायचा.

तुम्हीच सांगा, त्या वेळी माझी काय ऐट असेल. सुतळीवर पहिला चिमटा माझा.

आता महेशचं सांगतो.

महेश तेव्हा अकरावीत. ब्याण्णव साल होतं. त्याचा चुलत भाऊ ओम त्याच्याच वयाचा आणि अंगात भारी खोडी. महेशनं आठ दिवस वाट पाहिलेल्या पाचव्या अंकाचा शेवट ओमनं पाण्याच्या टाकीपाशी चारचौघांत मोठ्यानं सांगून टाकला. सगळे हसले. महेशचे कान लाल झाले. ओमनं सुरुवात मधूनच केली होती आणि मला ठेवणीत ठेवलं होतं, सुट्टी लागली की वाचायचं म्हणून. महेशला हे ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला, मला चिमट्यातून काढलं आणि माझ्या पहिल्या पानावर निळ्या पेनानं लिहिलं: तेजकवच म्हणजे शाळेतला घंटा वाजवणारा शिपाई आहे. पान २९ बघा.

भिमाजींनी मान वर केली. "काय गिरवतो रे महेश?"

"तुमचं नाव, काका. भिमाजी वाचनालय, पंचवटी. कुणी पळवू नये म्हणून."

भिमाजी उठले. ग्रीसचे हात चिंधीला पुसले, पुन्हा पुसले, आणि त्या ओळीवरून एक बोट फिरवलं.

"ह्याच्यात भ कुठला?"

महेशनं पहिल्याच अक्षरावर बोट ठेवलं. "हा काय."

भिमाजी बराच वेळ त्या अक्षराकडे बघत राहिले. मग शेजारच्या दुकानदाराकडून चिकटपट्टी आणली आणि ती ओळ पुसू नये म्हणून तिच्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नीट, सुरकुती न पडू देता चिकटवली.

त्या पट्टीखाली मी गुदमरलो ते आजतागायत. लिहिलं तो एक अपराध झाला. पण न वाचता येणाऱ्या माणसाला त्याचं नाव म्हणून ते दाखवलं, आणि त्यानं ते जपून ठेवलं, ह्याला मी माफी देणार नव्हतो. तोंड नव्हतं, हातपाय नव्हते. वाट बघणं तेवढं माझ्या हातात होतं.

ओम तर फसलाच, आणि पुढं काय होणार ते उघडच होतं. भिमाजी नव्या पोराला मला द्यायचे. पोर पहिलं पान उघडायचं, निळी ओळ वाचायचं आणि चटाचटा पानं उलटायचं. पट्टी इतकी निगुतीनं लावलेली, की पोरांना वाटायचं काकांनीच लिहून घेतलंय, म्हणून कुणी विचारलं नाही. खाली भिमाजी पाय बघत बसलेले. एकोणतीस यायचं. पाय हलतच राहायचा.

एकदा त्यांची बायको ठमाबाई डबा घेऊन आली होती. तिला ते म्हणाले, "माझी पारख गेली गं. पैलं ह्या पुस्तकावर पोरं चहा इसरायची. आता कायबी नाय."

"पोरं बदलली," ठमाबाई म्हणाली. "जेवा आता."

"पोरं तीच हायत. मलाच कळंना झालंय."

त्यानंतर त्यांनी नव्या पोरांना काही सांगणं सोडलं. "घ्या तुम्हाला कोणचं पायजे ते," एवढंच म्हणायचे. मला सुतळीवरून काढून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. पुढं टीव्हीवर चॅनेलं आली, पोरं कॉम्प्युटरवर गेम खेळायला लागली, हळूहळू बाकीचे अंकही माझ्यावर येऊन पडले. सुतळी रिकामी झाली, तिच्यावर ट्यूब वाळत घालू लागले. पेटीत अंधारात मी एकच गोष्ट घोळवत होतो. महेश, तू येशील. तुझं जे सगळ्यात लाडकं असेल ते हाताशी धरून येशील.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात तो आला. पोट सुटलेलं, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात नोकरी, सोबत आठ-नऊ वर्षांची मुलगी. दिशा तिचं नाव. तिला वाचनाची गोडी लागत नव्हती आणि महेशला त्याची काळजी होती. हे त्यानं आल्या आल्या भिमाजींना सांगितलं.

"काका, ओळखलंत का? तो तेजकवचचा पहिला आहे का अजून? हिला तिथूनच सुरू करून द्यायचंय. मी ते मुखवट्याचं पान वाचलं ना, तेव्हा मला दोन दिवस काही सुचलं नव्हतं. हिला एकदा तसं झालं की झालं, मग ही आपोआप वाचेल."

आपण काय लिहिलं होतं ते तो विसरला होता. साफ विसरला होता. तेव्हा माझा राग असा वर आला की पेटीत असूनही मला गरम झालं.

"त्याच्यात दम नाय राह्यला," भिमाजी म्हणाले. "दुसरा कोणचा ने."

"नाही काका, तोच पाहिजे."

पेटी उघडली. मी उजेडात आलो. दिशा टायरांवर बसली, मला मांडीवर घेतलं आणि पाय हलवू लागली. तिला ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचायची सवय होती. तिनं पहिलं पान उघडलं आणि वाचलं, "तेजकवच म्हणजे शाळेतला घंटा वाजवणारा शिपाई आहे. पान एकोणतीस बघा."

घमेल्यातला भिमाजींचा हात थांबला.

"काय म्हणालीस बाळ? परत वाच."

तिनं परत वाचलं.

"आन् माझं नाव? भिमाजी वाचनालय, असं?"

तिनं पान खालीवर बघितलं. "नाही आजोबा. एवढंच आहे." मग डोळे बारीक करून म्हणाली, "पप्पा, हे तुमच्यासारखं अक्षर आहे. माझ्या वह्यांवर नाव घालता तसं."

"दिशा, राहू दे ते, आपण दुसरं..." एवढं महेशच्या तोंडून निघालं.

"वाचू दे तिला," भिमाजी म्हणाले.

मग तिनं मला वाचलं. दोघंही बघत होते. महेश तिच्या तोंडाकडे बघत होता, भिमाजी तिच्या पायाकडे. पंचवीस. सव्वीस. मी माझी पानं मुद्दाम सावकाश उलटू दिली. अठ्ठावीस. एकोणतीस आलं, मुखवटा निघाला, शिपाई उघडा पडला. दिशानं पान उलटलं. पाय हलतच होता.

"छान आहे," ती म्हणाली आणि मला मिटून बाजूला ठेवलं.

महेश शेजारच्या सायकलीचा दांडा धरून उभा राहिला. ते तोंड बघायला मी सतरा वर्षं थांबलो होतो, आणि पोटभर बघितलं. जे पान त्याला जगात सगळ्यात आवडायचं, ते त्यानं स्वतःच्या लेकीसाठी स्वतःच्या हातानं मारलं होतं.

मला वाटलं आता भिमाजी भडकतील. माझ्या वाटचा सगळा राग ते बोलून काढतील. ते घमेल्याकडे वळले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "म्हंजी माझी पारख गेली नव्हती."

"काका, मी लहान होतो. ओमचा राग होता मला, तुमच्यावर काही नव्हता..."

"सतरा वर्षं भोक घावत नव्हतं. मी आपला टायरच बदलत बसलो." त्यांनी हात पुसले. पंक्चरच्या सोल्युशनची डबी उघडली, कोऱ्या कागदाची पट्टी फाडली आणि निळ्या ओळीवर बरोबर बसवून अंगठ्यानं दाबली. "आता ह्याच्यावर नाव लिव्हा. तवा लिव्हलं म्हणून सांगितलं ते."

महेशनं घाईघाईनं खिशातलं पेन काढलं.

"तू नको," भिमाजी म्हणाले. आवाज चढला नाही. "तुझ्या हातचं नको. पोरगी लिहील."

दिशानं जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर कोरून लिहिलं आणि वाचून दाखवलं. भिमाजी वाकले.

"ह्याच्यात भ कुठला?"

तिनं बोट ठेवलं. त्यांनी त्यावर आपलं बोट ठेवलं.

"लय येगळा दिसतो," ते म्हणाले.

महेश रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

आज मी पुन्हा सुतळीवर आहे, पहिल्या चिमट्यात. वाचायला फार कुणी येत नाही. पण परवा एक नवं पोर आलं, त्याला भिमाजींनी मागच्यासारखंच सांगितलं, "पैला काढ." एकोणतीसला त्याचा पाय थांबला. भिमाजींनी ट्यूब पाण्यातच सोडून दिली आणि बघत बसले.

भिमाजींनी महेशला माफ केलंय. तो आला की त्याला चहा पाजतात. मी केलेलं नाही. निळी ओळ पट्टीखाली अजून आहे आणि मी असेपर्यंत राहणार. तेव्हा बाबांनो, कुठून सुरू करू म्हणून विचाराल, तर माझ्यापासून करा. फक्त ती पट्टी नखानं उचकटू नका. आणि माझ्या पानावर पेन टेकवायच्या आधी एवढं ध्यानात ठेवा, की उद्या तुमच्या घरातलं कुणीतरी ते मोठ्यानं वाचणार आहे.