प्रेरणाचं पील आणि सुचिताचे गाल

मुलीचं लग्न ठरलं की आपल्याकडे घरातल्या वस्तूंचे दोष एकाएकी दिसायला लागतात. भिंतीचा रंग उडालेला दिसतो, बैठकीतल्या पंख्याची कुरकुर ऐकू येते, मोरीची फरशी डोळ्यांत खुपते. उंद्रीच्या कडूबांच्या घरी तेच झालं. रंगारी येऊन भिंती चकचकीत करून गेला, पंखा बदलला, आणि मग त्यांच्या बायकोची, गीताबाईंची, नजर भिंतीवरून उतरून थेट पोरीच्या, सुचिताच्या, चेहऱ्यावर जाऊन बसली.

त्याला निमित्त झालं साखरपुड्याचं. मुलाची आई जनकाबाई देऊळघाटहून आल्या होत्या. सुचिताची ओटी भरता भरता त्या म्हणाल्या, "पोरगी गुणाची हाये, शिकेल हाये. रंगाचं काय घेऊन बसायचं? आमच्या प्रज्वलले चालते."

त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण 'चालते' हा शब्द गीताबाईंच्या जिव्हारी लागला. त्या कांदा पिकवणाऱ्या घरच्या. डागी कांद्यालाही व्यापारी 'चालते' म्हणतो आणि मग भाव पाडतो, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलेलं.

सुचिताला मात्र काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर तिला अलीकडे कशाचंच फारसं काही वाटत नसे. लहानपणी शेजारणी तिला 'काळी मैना' म्हणत, शाळेच्या नाचात ती कायम मागच्या रांगेत, आणि पाहायला आलेल्या दोन स्थळांनी तर चहाचा कप खाली ठेवायच्या आतच नजरेनं नकार कळवला होता. सुरुवातीला ती रडायची. मग रडणं थांबलं, आणि त्याच्याबरोबर बाकीचंही बरंच काही थांबलं. ती बी.एस्सी. झाली, चिखलीला एका शाळेत शिकवायला जाऊ लागली, लग्नाला 'हो' म्हणाली. सगळं कसं वेळच्या वेळी. लोक म्हणत, पोरगी फार समंजस आहे. बधिर झालेल्या माणसाला आपल्याकडे समंजसच म्हणतात!

मलकापूरला गीताबाईंचं माहेर. तिथली भाची प्रेरणा गव्हाळ गोरी. तिनं दिवाळीत एका ब्युटी पार्लरमध्ये 'पील' करून घेतलं होतं. म्हणजे चेहऱ्याला औषधी आम्ल लावायचं, वरची त्वचा सोलून काढायची आणि खालून नवी येऊ द्यायची. प्रेरणाचा चेहरा खरंच उजळला होता. गीताबाईंनी तो फोनवर मोठा करून दहादा पाहिला आणि सुचिताला घेऊन त्याच पार्लरची पायरी चढल्या.

पार्लर चालवणारी समता मनानं चांगली होती. थोड्या दिवसांचा एक कोर्स केलेला, बाटली ऑनलाइन मागवलेली, आणि प्रेरणाच्या चेहऱ्यामुळे आत्मविश्वास दुणावलेला.

"आमच्या प्रेरणाले जे लावलं, तेच लाव," गीताबाई म्हणाल्या. "अन् जरा जास्तच लाव वं. हिले जास्त लागीन."

समतानं ब्रश फिरवला. सुचिताच्या गालावर आधी चरचरलं, मग आग आग व्हायला लागली. तापल्या तव्यावर हात पडावा तसं.

"ताई, जळजळते का?" समतानं विचारलं.

सुचितानं आईकडे पाहिलं. आईनं बोटानंच खुणावलं, गप राह्य. सहन कर.

"नाही," सुचिता म्हणाली.

"अजून थोडा वेळ ठेवू?"

"ठेवा."

निघताना समतानं बजावलं होतं, की आठवडाभर उन्हात जायचं नाही. गीताबाईंनी मानही डोलावली. पण महिना एप्रिलचा, आणि दुसऱ्याच दिवशी रुखवताच्या कुरड्या घालायच्या होत्या! गव्हाचा चीक पहाटे शिजवून तयार, गल्लीतल्या बाया सोरे घेऊन गच्चीवर हजर. नवरीच्या हातच्या कुरड्या रुखवतात मांडायच्या, तर नवरीनं खाली अंधारात बसून कसं चालेल? सुचिता तोंडाला रुमाल बांधून वर गेली आणि दुपार टळेपर्यंत ऊन खात बसली. कुरड्या पांढऱ्याशुभ्र निघाल्या. सगळ्या बायांनी वाखाणल्या.

सुचिताचे गाल मात्र चार-पाच दिवसांत सोलवटले, आणि खालून जी त्वचा आली ती उजळ नव्हती. दोन्ही गालांवर आणि कपाळावर करपल्या भाकरीसारखे काळपट चट्टे उमटले. गीताबाईंनी दही लावलं, बेसन लावलं, लिंबू चोळून पाहिलं. चट्टे अधिकच गडद झाले. समताला फोन केला तेव्हा ती म्हणाली, "काकू, वरचं निघालं, खालचं राहिलं असेल. एकदा आणखी कडक करू. सगळं निघून येईल."

लग्न मे महिन्यात. गीताबाईंनी पुन्हा पार्लरला जायचा वार ठरवला. सुचितानं आरशात पाहिलं, तो चेहरा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटला, आणि ती निमूटपणे केस विंचरू लागली. आई म्हणाली असती विहिरीवर चल, तरी ती चप्पल घालून निघाली असती.

त्या दिवशी कडूबाही बरोबर निघाले. पोरीच्या तोंडाला उन्हाचा फटका बसला आहे, एवढंच त्यांना सांगितलं होतं. बापाच्या जातीला बायकांच्या या गोष्टी विचारायची सवय नसते. शिवाय सुचिता घरातही ओढणी पुढे ओढूनच वावरायची. बुलढाण्याला बस बदलायची होती. मलकापूरची एसटी लागायला वेळ होता, ऊन मी म्हणत होतं. पाणी पिण्यासाठी सुचितानं तोंडावरचा रुमाल सोडला, तर तो गालाला चिकटलेला. तिनं तो ओढला. गालाचा पापुद्रा रुमालाबरोबर आला आणि रक्ताचा एक थेंब हनुवटीपर्यंत ओघळला.

तिचा चेहरा हललाही नाही. ती पाणी पीत राहिली.

कडूबांनी ते पाहिलं. त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

"हे काय वं? ऊन असं लागते का?"

गीताबाईंनी हळूच सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "आज दुसरं लावलं की निघून जाईन म्हणते ते पोरगी."

"म्हंजे ज्यानं जळालं, तेच आणखी लावायचं?"

"मंग काय करू? लग्नात जनकाबाई काय म्हणतीन?"

"मलकापूर राहू दे," कडूबा म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी बायकोच्या हातातून पोरीचा हात काढून घेतला होता. "इथं चामडीचा डॉक्टर असंनच की."

स्टँडपासून जवळच त्वचारोगतज्ज्ञ डॉ. अनुपमा यांचा दवाखाना होता. डॉक्टर सावळ्या, ठेंगण्या आणि बोलायला स्पष्ट. त्यांनी उजेडात चेहरा पाहिला, सगळी हकिकत ऐकली आणि विचारलं, "कोणतं आम्ल लावलं? किती टक्क्यांचं?"

गीताबाईंनी समताला फोन लावून डॉक्टरांच्या हातात दिला. तिकडून घाबरा आवाज आला, "मॅडम, मी वेगळं काहीच नाही लावलं हो. प्रेरणाले लावलं, तेच लावलं."

"तेच तर चुकलं, बाई," डॉक्टर म्हणाल्या. "ती बाटली आता कुणालाच लावू नका. घेऊन या माझ्याकडे, बसून बोलू."

फोन ठेवून त्या कडूबांकडे वळल्या. "तुम्ही शेती करता ना? सोयाबीनचं तणनाशक कांद्यावर मारता का?"

"काऊन मारीन? कांदा जळून जाईन!"

"औषध वाईट असतं म्हणून?"

"नाही. औषध चांगलंच असते. पीक येगळं राह्यते."

"झालं तर मग! पिकाचं तुम्हाला कळतं आणि पोरीचं कळत नाही? पील ही वाईट गोष्ट नाही. मीही करते. पण सावळ्या कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी जास्त जाग्या असतात. अशा कातडीला जरा इजा झाली, की ती काळा डाग धरते. गोऱ्या कातडीला जे झेपतं, ते हिला झेपेलच असं नाही. आपल्यासारख्यांना सौम्य पील लागतं, हलक्या प्रमाणात आणि मध्ये काही आठवडे जाऊ देऊन. आधी कानामागे थोडं लावून काही दिवस वाट पाहायची. खोलवर सोलणारं कडक पील तर आपल्या रंगाच्या माणसानं टाळायचंच. आणि नंतर ऊन नको म्हणजे नको, मग कुरड्या राहोत नाहीतर पापड!"

बोलता बोलता त्यांनी कापसाचा बोळा औषधात भिजवला आणि जखम पुसायला घेतली. "दुखतंय का गं?"

"नाही," सुचिता म्हणाली.

डॉक्टरांचा हात थांबला. पोरीचं तोंड शांत होतं, पण डोळ्याच्या कडेतून पाणी कानाकडे चाललं होतं.

"डोळे तर दुसरंच सांगतात. पार्लरमध्येही नाहीच म्हणालीस?"

सुचितानं मान हलवली.

"काऊन?"

डॉक्टरांच्या तोंडचा हा घरचा शब्द ऐकून सुचितानं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग ती म्हणाली, "आईनं खुणावलं होतं, सहन कर म्हणून. तसंही मॅडम, दुखते असं म्हटल्यावर कोण ऐकते? लहानपणापासून लोकं काहीबाही बोलत राह्यले. मले वाईट वाटते असं एकदा म्हटलं होतं, तर हसले सगळे. मंग मी म्हणनंच सोडून दिलं. आता कोठी दुखते तेच समजत नाही मले."

गीताबाईंनी तोंडाला पदर लावला. अरे देवा! पोरगी भाजत होती आणि आपण शेजारी बसून तिला गप राह्य म्हणत होतो! ब्रश समताच्या हातात होता खरा, पण पोरीचं तोंड आपण बंद केलं होतं. जनकाबाई एकदा 'चालते' म्हणाल्या, तर आपल्याला इतकं लागलं. आपण तर घरात रोज न बोलता तेच म्हणत आलो होतो.

"लग्नाआधी जाईन का हे?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "महिने लागतील. सध्या जखम भरू द्यायची, मी देते ते मलम लावायचं, उन्हापासून जपायचं. पील आता अजिबात नाही. दही नाही, लिंबू नाही आणि चेहऱ्याला हळदही नाही. डाग फिके होतील. पण एक सांगते, रंग आहे तोच राहील. तो काही आजार नाही."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर गीताबाई रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "देऊळघाट जवळच हाये. चला."

"आता? काऊन?" कडूबांनी विचारलं.

"लग्नाच्या दिवशी अंतरपाटामागून दाखवण्यापरीस आजच दाखवू."

जनकाबाई अंगणात गहू निवडत होत्या. विहिणीला अवचित दारात पाहून त्या गडबडल्या, आणि सुचिताचा उघडा चेहरा पाहून हातातलं सूप त्यांनी बाजूला ठेवलं. गीताबाई पाणी प्यायलाही थांबल्या नाहीत.

"जनकाबाई, ही पोरगी. हे डाग लग्नापर्यंत जाणार नाहीत. देवानं नाही देले, माह्या हावरेपणानं देले. तुमाले लपवून लग्न करायचं नाही मले. अन् 'चालते' म्हणून नेत असान, तर पोरगी द्यायची नाही मले."

"माय वं! मी तर सहज बोलली होती," जनकाबाई पुटपुटल्या. त्यांचा मुलगा प्रज्वल दारात येऊन उभा होता. त्यानं सुचिताकडे पाहिलं आणि आईला म्हणाला, "मी तिले पसंत केलं, तवा तिचा गाल नव्हता पाह्यला. आधी त्यायले सावलीत बसू दे."

सगळे ओसरीत बसले. जनकाबाई सावरल्या, जरा जवळ सरकल्या. समजूत काढायला म्हणून त्यांनी सुचिताच्या गालाकडे हात नेला. "काही काळजी करू नको. हळदीच्या दिवशी चांगला लेप देऊन हळद लावू. हळदीनं सगळं बरं होते."

गीताबाई काही बोलणार होत्या. पण त्याआधीच सुचिता मागे सरकली.

"नाही," ती म्हणाली.

हे 'नाही' वेगळं होतं. कडूबांनी मान वर करून पाहिलं.

"तोंडाले हळद लावायची नाही. डॉक्टरनं मना केलं. पायाले लावा, हाताले लावा. तोंडाले कोणी हात लावायचा नाही. मले दुखते."

"आता वं बाई! तोंडाले हळद लागल्याबिगर नवरी होते का कोठी?"

"होते," सुचिता म्हणाली आणि ढसाढसा रडू लागली. कित्येक वर्षांचं साचलेलं होतं ते. गीताबाईंनी तिला गप राह्य म्हटलं नाही. त्या तिची पाठ चोळत बसून राहिल्या.

लग्न ठरल्या तिथीलाच झालं. हळद पायांना आणि हातांना लागली. मांडवात कुजबुज व्हायची तेवढी झाली आणि जेवणाच्या पंगती उठेपर्यंत विरूनही गेली.

वाचकहो, चेहऱ्याला काही लावून घ्यायला हरकत नाही. हौस कुणाला नसते? पण आम्ल म्हणजे पावडर नव्हे. लावणाऱ्याला आधी विचारा, कोणतं आहे, किती कडक आहे, माझ्या रंगाच्या कातडीला चालतं का. नीट उत्तर आलं नाही तर खुर्चीतून उठून घरी या. भाचीला मानवलं ते लेकीला मानवेलच असं नाही, म्हणून डॉक्टरांना दाखवा आणि कानामागे थोडं लावून पाहा. आणि आईबापांनो, आपण आपल्या सावळ्या पोरींना सहन करायला फार लवकर शिकवतो. ती शिकवण आता बंद करा! जळत असेल तर 'जळते' म्हणायला पोरीला शिकवा, आणि ती म्हणाली की त्याच क्षणी लावणाऱ्याचा हात धरा.