बाबा आधी वय विचारतो

"नऊ दिवस, नऊ चिमटी राख! सोललेलं भरेल, कापलेलं सांधेल!" माणिकपुरात चिंचेखाली राखबाबा ओरडला की गर्दी हात जोडायची. साल १९७८. विळ्याने कापलेली बोटं, फुटलेले गुडघे खरोखरच नऊ दिवसांत बरे होत. शेजारच्या पापडी गावच्या दवाखान्यात मी नर्स. माझ्याकडे मलमपट्टीला चिटपाखरूही फिरकेना.

सांडोरच्या क्लेमेंटीनमावशीही येईनाशा झाल्या. वय सत्तर, नडगीला जखम. भेटायला गेले तर पानवेलींच्या मळ्यात डोळे पुसत बसलेल्या.

"बाबा बोलला, तुझं पाप आड येतं. अठरा दिस राख लावली, भरत नाय. पट्टी पण सोडायला लावली."

जखम चिघळली होती. आणखी महिनाभर असंच चाललं असतं तर पाय कापावा लागला असता. माझं डोकंच फिरलं.

दुसऱ्या दिवशी मी गर्दीत उभी राहिले. बाबा ना नाव विचारी, ना गाव. आधी "वय किती?" विशीतल्याला म्हणे, "नऊ दिवसांत बरा होशील." साठीच्या माणसाला, "तुझ्या पापावर आहे!"

त्याच आठवड्यात खाडीकाठची शकू सायकलवरून पडली, दोन्ही कोपरं सोलली. मी म्हटलं, "उजव्याला बाबाची राख लाव. डावं मी धुऊन पट्टी बांधते."

"बाबाच जिंकनार, सिस्टर!" ती हसली.

नवव्या दिवशी चिंचेखाली दोन्ही कोपरं उघडली. दोन्ही भरलेली! राखेच्या बाजूला तेवढा काळा डाग.

बाबा गडबडला. "माझी कृपा सगळ्या अंगात पसरली!"

"मंग क्लेमेंटीनमावशीच्या पायात का नाय पसरली?" शकूनेच विचारलं. गर्दी खो खो हसली. बाबाने झोळी उचलली.

मावशींना मी सांगितलं, "कातडीतल्या पेशी वाढून जखम भरतात. वयाने त्या थकतात, काम हळू होतं. जुनी पानवेल खुडली तर कोंब उशिरा फुटतो. तिला पापी म्हणता का?"

"नाय गो. तिला जरा जास्त जपते."

"मग पायालाही जपा. रोज पट्टी."

दोन महिन्यांनी मावशी पानांची जुडी घेऊन चालत दवाखान्यात आल्या. नडगीवर नवी गुलाबी कातडी. "उशीर झाला, पण माझीच मी भरली. कुणाची मेहरबानी नाय!"

लोकहो, जखम तुमचीच कातडी भरते. तिला स्वच्छता द्या, वेळ द्या. आणि म्हातारपणाला पाप म्हणणाऱ्याला दारातही उभं करू नका.