मावशीचे लॉकेट मी मोजले तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना मल्टिमीटर आहे. नाव भारदस्त असले तरी देहाने मी तुमच्या कंपासपेटीएवढाच, जरा जाडजूड, पिवळा आणि एका कोपऱ्यात सोलवटलेला. माझ्या पोटावर एक गोल नॉब आहे, कपाळावर आकडे दाखवणारी काच आहे आणि खाली लाल आणि काळी अशा दोन तारा आहेत. त्या तारा म्हणजे माझे हात. विजेला हात लावायचा आणि ती किती आहे ते काचेवर लिहायचे, एवढेच माझे काम. पदरचे मी काही घालत नाही. हे मी थोड्या तोऱ्यात सांगतो आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. तो तोरा एकदा कसा उतरला, तेही आज सांगणार आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे शेवटच्या टेबलावर चष्मा लावलेल्या एक बाई बसत. त्या प्रत्येक मीटरला नेमकी मोजलेली वीज देत आणि आकडा बरोबर आला तरच पाठीवर गोल कागद चिकटवत. माझा आकडा पहिल्या खेपेला किंचित चुकला. त्यांनी माझ्या पोटातला एक बारीक स्क्रू केसभर फिरवला, पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, "हं, आता शहाणा झालास." माझ्या पाठीवर कागद चिकटला आणि मी जगात आलो.

मला विकत घेतले ते एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने. त्यांना मी बाबा म्हणेन, कारण त्यांची लेक त्यांना तसेच म्हणते आणि माझी बहुतेक कहाणी तिच्याच हातून घडली आहे. बाबांचे दुकान म्हणजे एक खोली, एक लांब टेबल आणि भिंतीला पाठ लावून बसलेले दहा-बारा मुके रेडिओ. गिऱ्हाईक विचारी, "काय झालंय हो याला?" बाबा म्हणत, "मला काय माहीत? मीटरला विचारू." मग सगळे माझ्या तोंडाकडे बघत बसत. कोणाला आवडणार नाही असे कौतुक? मी अगदी फुगून जात असे.

पुढे बाबांनी अंधारातही दिसणारा नवा मीटर आणला आणि माझी रवानगी खणात झाली. याचे मला तितके वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते याचे, की माझे सेल पोटातच राहिले. सहा वर्षांत ते पाझरले आणि आतल्या पत्र्यांवर हिरवी-पांढरी पुटे चढली. मित्रांनो, कोणतेही यंत्र कपाटात ठेवायचे असेल तर आधी त्याचे सेल काढा. पोट दुखत असताना कोणाला सांगताही येत नाही, ही अवस्था फार वाईट.

मला बाहेर काढले ते लेकीने. ती तोवर शिकून मोठी झाली होती आणि दुकानाच्या अर्ध्या टेबलावर तिने स्वतःचे काम मांडले होते. कापसाच्या बोळ्याला व्हिनेगर लावून तिने माझी पुटे पुसली, नवे सेल घातले, आणि माझी काच उजळली. बाबा शेजारून म्हणाले, "अगं, तो म्हातारा झाला. त्याच्यावर कशाला विसंबतेस?"

"बाबा, म्हातारी माणसं तुम्हाला आजकाल फार खटकायला लागलीत," ती म्हणाली, आणि दोघे हसली. मला नोकरी पुन्हा मिळाली.

लेक बनवत असे ती सेलवर चालणारी चिमुकली यंत्रे. त्यांतले सगळ्यात लाडके म्हणजे मदतीचे बटण. गळ्यात दोरीने अडकवायचे, दाबले की जवळच्या मदतनिसांना आणि घरच्यांच्या फोनवर हाक जाते. ते वृद्धनिवासातल्या आजी-आजोबांसाठी होते आणि तिथले सगळे त्याला लॉकेट म्हणत. त्यात नाण्याएवढा एकच चपटा सेल होता. माणूस पडला आणि बटण दाबायचे त्याला सुचले नाही, तरी लॉकेटला आपोआप कळावे, म्हणून आत हालचाल ओळखणारा एक तुकडाही बसवला होता. एकवीस लॉकेटे वृद्धनिवासात गेली. त्यातले पहिले लेकीने आपल्या मावशीच्या गळ्यात घातले. मावशी तिथेच राहत होती आणि आई गेल्यापासून लेकीचे सगळे माहेरपण तिच्यापाशीच होते. सेल वर्षभर पुरेल, असे लेकीने तिला छातीठोकपणे सांगितले होते. तो भरवसा तिला दिला होता मी.

तो कसा, ते समजून घ्या. व्होल्टेज मोजायचे असेल तर मी नुसता बाजूला उभा राहून हात लावतो. पण यंत्र किती करंट खाते हे मोजायचे असेल, तर सेल आणि यंत्र यांच्यामधली वाट तोडून तिथे मला उभे करतात. मग सगळी वीज माझ्या पोटातून जाते आणि मी ती मोजतो. लेकीने लॉकेट टेबलावर ठेवले, मला मध्ये घातले आणि नॉब सगळ्यात बारीक मापावर नेला. मी लिहिले, चार. म्हणजे चार मायक्रोअँपिअर, मुंगीच्या पावलाएवढा करंट. लॉकेट गाढ झोपले होते. लेकीने टाळी वाजवली. "चारच! वर्ष काय, सहज पुढे जाईल!"

तीन आठवड्यांनी मावशी पडली.

भर दुपारी, पलंगावरून उतरताना पाय घसरला. फार लागले नाही, पण उठता येईना. तिने लॉकेट दाबले. पुन्हा दाबले. चहा घेऊन येणाऱ्या बाईंनी दार उघडेपर्यंत पाऊण तास ती फरशीवर पडून होती. सेल पार संपला होता. संपत आल्याचा लाल दिवा लुकलुकला असेलही, पण लॉकेट स्वेटरच्या आत, तो दिसणार कोणाला?

लेक धावत गेली आणि संध्याकाळी परतली ती लॉकेट मुठीत घेऊन. मूठ बाबांसमोर उघडून ती म्हणाली, "मावशी म्हणाली, तीस वर्षं टेलिफोन केंद्रात बसून मी लोकांचे फोन जोडून दिले, आणि माझी एक हाक पोचली नाही. म्हणाली, बंद पडणारी वस्तू गळ्यात घालून मी मिरवणार नाही. बाबा, तिने ते स्वतःच्या हाताने काढून माझ्या हातात ठेवलं."

"रागावली असेल. उतरेल राग."

"रागावली असती तर बरं झालं असतं. ती घाबरलीय. आता एकटी खोलीबाहेर पडत नाही."

लेकीने नवा सेल घातला, मला मध्ये उभे केले आणि पुन्हा मोजले. मी पुन्हा लिहिले, चार. तिने दुसरे लॉकेट मोजले, तिसरे मोजले. चार, चार. रात्रीच्या जेवणापर्यंत मी चारचीच माळ जपत होतो. आकडा अगदी खरा होता, आणि तरी सेल संपला होता. मित्रांनो, मला त्या दिवशी मनापासून लाज वाटली. खरे लिहूनही आपण कोणाच्या उपयोगी पडत नाही, ही लाज वेगळीच असते.

दुसऱ्या दिवशी वृद्धनिवासाच्या व्यवस्थापक बाईंचा फोन आला. आणखी एक लॉकेट बंद पडले होते, बागेत दिवसभर खुरपे चालवणाऱ्या आजोबांचे. बाकीची एकोणीस ठणठणीत होती. महिनाअखेरपर्यंत कारण सापडले नाही तर सगळी लॉकेटे परत घ्या, असे त्या म्हणाल्या. लेक डोके धरून बसली. बाबा मात्र चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"हे लॉकेट तू मोजतेस कुठे?"

"कुठे म्हणजे? इथेच, टेबलावर."

"आणि तुझी मावशी काय टेबलावर झोपून असते?"

लेकीने आधी लॉकेटकडे पाहिले, मग माझ्याकडे. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात आली नव्हती. टेबलावरचे लॉकेट हलत नाही, म्हणून झोपून राहते. गळ्यातले लॉकेट माणसाबरोबर हलते.

"पण गळ्यात असताना मोजायचं कसं?" ती म्हणाली. "मीटर मध्ये घालून मावशीला फिरवू का? शिवाय हा हळू लिहितो. लॉकेट क्षणभर जागं होऊन पुन्हा झोपलं, तर याला पत्ताही लागणार नाही."

हे ऐकायला बरे वाटले नाही, पण खोटेही नव्हते. मी एका सेकंदात दोन-तीन वेळाच आकडा लिहितो. तेवढ्यात कोणी डोळा मिचकावून गेले, तर माझ्या वहीत त्याची नोंदच होत नाही.

बाबांनी एका जुन्या डब्यातून अंगठ्याएवढा कपॅसिटर काढला. हा थोडी वीज साठवून ठेवतो, टाकी पाणी साठवते तसा. "याला मध्ये घुसवूच नकोस," माझ्याकडे बोट दाखवत ते म्हणाले. "सेल काढ, त्याच्या जागी हा भरून लाव आणि मावशीच्या गळ्यात घाल. दहा मिनिटांनी मीटरने फक्त पातळी बघ. किती उतरली ते कळलं की लॉकेट किती वीज प्यायलं ते कळलं."

आम्ही वृद्धनिवासात गेलो. मावशीची खोली छोटी, खिडकीपाशी खुर्ची, शेजारी पुस्तकांची चळत. लेकीच्या हातात लॉकेट दिसताच तिने तोंड फिरवले.

"मावशी, फक्त दहा मिनिटं. मग मी परत घेऊन जाते."

"तुझ्यासाठी हं. त्याच्यासाठी नाही," मावशी म्हणाली आणि मान पुढे केली.

लेकीने लॉकेटमधल्या भरलेल्या कपॅसिटरला माझे हात लावले. मी लिहिले, तीन व्होल्ट. मावशीने पुस्तक उघडले आणि वाचू लागली. लेक घड्याळाकडे बघत होती, मी मावशीकडे. ती शांत बसली होती म्हणावे, तर तिचा उजवा पाय हलत होता. एका लयीत, शिवणयंत्राच्या पायपट्टीसारखा, न थांबता. दहा मिनिटांनी लेकीने पुन्हा माझे हात लावले. दोन पूर्णांक एकसष्ट! एवढी पातळी झोपलेल्या लॉकेटने सहा-सात तासांतही उतरवली नसती.

"मावशी, तू पाय किती हलवतेस!"

"जन्मापासून. आईने मारलं, तुझ्या आजोबांनी ओरडून पाहिलं. राहिला नाही."

सगळा उलगडा झाला. लॉकेटला लेकीनेच शिकवले होते, की जरा हललेस की ऊठ आणि माणूस पडला का ते बघ. मावशीचा पाय त्याला क्षणाक्षणाला उठवत होता. बिचारे दिवसभर दचकून उठे, बघे, पुन्हा झोपे. खुरपे चालवणाऱ्या आजोबांचे लॉकेट तसेच. जी मंडळी निवांत बसत, त्यांची लॉकेटे निवांत होती.

दारात उभ्या असलेल्या व्यवस्थापक बाई हसून म्हणाल्या, "मग सोपं आहे की. मावशी, पाय हलवायचा नाही आता."

मावशीने पुस्तक मिटले. तिचा चेहरा पडला. ती काही बोलायच्या आत लेक म्हणाली, "नाही हो. मावशी हलवेल तेवढा पाय हलवेल. सुधारायचं लॉकेटने."

मावशीने तिच्याकडे पाहिले ते मी विसरणार नाही.

पुढचे आठ दिवस टेबलावर नुसती धांदल होती. लॉकेटला नवे शिकवले गेले. हलल्याने उठायचे नाही, जोराचा धक्का बसला आणि त्यानंतर सगळे स्तब्ध झाले, तरच उठायचे. ते खरोखर उठते का हे पाहायला लेकीने दुकानात गादी अंथरली आणि लॉकेट घालून तीवर बारा वेळा पडून घेतले. बाबा मोजत होते आणि मधूनच म्हणत होते, "हे पडणं लटकं वाटतंय, पुन्हा." बाराही वेळा हाक गेली. मग आम्ही पुन्हा मावशीकडे गेलो. तासभर तिचा पाय हलत होता, आणि तासाभराने मी लिहिले, दोन पूर्णांक सत्त्याण्णव. आयुष्यात इतक्या आनंदाने आकडा मी क्वचितच लिहिला असेल. लेकीने नवा सेल घातला. मावशीने लॉकेट हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि स्वतःच गळ्यात घातले. त्या संध्याकाळी ती एकटी बागेपर्यंत जाऊन आली. बाकीची लॉकेटेही सुधारून झाली आणि त्या टेबलावर माझी जागा कायमची ठरली.

सात महिन्यांनी एका दुपारी लेक माझ्याकडून एक नवे यंत्र मोजून घेत होती. तिचा फोन खणखणला. पडद्यावर मावशीचे लॉकेट हाक मारत होते. लेकीने माझे हात जिथे होते तिथेच टाकले, खुर्ची उलटली ती उचललीही नाही आणि ती पळाली. माझा नॉब चालूच राहिला. रात्र झाली, सकाळ झाली, मी रिकाम्या टेबलाचे शून्य मोजत बसलो. माझ्या काचेवरचे आकडे फिके होत गेले.

सकाळी लेक आली. डोळे तांबारलेले, पण चेहरा निवळलेला. बाबांना म्हणाली, "न्हाणीघरात पडली. मनगट मोडलंय, हात अंगाखाली अडकला होता, बटण दाबताच आलं नाही. लॉकेटनेच हाक मारली. दोन मिनिटांत माणसं पोचली."

"आता कशीय?"

"प्लास्टर घालताना डॉक्टर म्हणाले, गळ्यातलं ते काढून ठेवा. मावशी त्यांच्यावर अशी ओरडली बाबा, की त्यांनी लॉकेट तसंच ठेवून प्लास्टर घातलं."

मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. "अगं बाई, हा रात्रभर चालूच राहिला!" ती हळहळली. तोवर माझी काच कोरी पडली होती.

मित्रांनो, आमच्यासारख्या मुक्या कामगारांना जपा. काम झाले की नॉब बंदवर आणा, तारा पिळू नका, धुळीत टाकू नका. हे सारे मी मनापासून सांगतो आहे. पण मोजता मोजता कोणाची हाक आली, तर यातले काही आठवत बसू नका. मला असेन तसा टाका आणि पळा. माझे काय, सेल बदलले की मी पुन्हा तुमचाच.