विचारायचं राहिलं

जपानातल्या मात्सुनागा गावात आमचं खडावांचं दुकान होतं. किरी झाडाच्या हलक्या लाकडाच्या खडावा, त्यांना बाबा पुढच्या पडवीत बसून कापडी बंद ओवायचे. भुसा सगळीकडे असायचा, अंथरुणात, भाताच्या बुट्टीत, आईच्या केसांत. अजूनही नव्या लाकडी पेटीचं झाकण उघडलं की तो वास येतो आणि मी क्षणभर नऊ वर्षांची होते.

नऊ वर्षांची असतानाच मी एक पेटी परत जाताना पाहिली होती. मोठे काका, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, इन्नोशिमा बेटावरून आले होते. सोबत त्यांचा मुलगा तोकुजीदादा, शाळेचा काळा गणवेश गळ्यापर्यंत बंद केलेला. काकांनी कापडाची गाठ सोडून पेटी चटईवर ठेवली आणि बाबांकडे सरकवली. वरच्या कागदावर ओनोमिचीच्या दुकानाचा छाप होता. आत योकान असणार हे मी ओळखलं. लाल चवळीच्या पुरणाच्या त्या घट्ट, काळपट वड्या, मधे अख्खे चेस्टनट. मी बंदांच्या गठ्ठ्यामागे दडून बघत होते. मोठी माणसं हळू आवाजात काहीतरी बोलली. मग बाबांनी दोन बोटांनी पेटी मागे सरकवली. काकांनी पुन्हा पुढे केली. बाबांनी पुन्हा मागे. शेवटी काकांनी तिच्यावर कापड ओढून गाठ मारली. दादा तेवढा वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघत होता.

ते गेल्यावर मी रडले. मला वाटलं, बाबांना योकान आवडत नाही म्हणून माझंही गेलं.

ती पेटी कशाची होती ते मला कळलं त्यानंतर नऊ वर्षांनी, मी ओकायामाच्या विद्यापीठात पास झाले तेव्हा. घरात पैसा नव्हता. लोक प्लास्टिकच्या चपला घालू लागले होते, खडावा फक्त उत्सवापुरत्या उरल्या होत्या. शाळेच्या मास्तरांनी सरकारी शिष्यवृत्तीचा कागद दिला. नाव शिष्यवृत्तीचं, होतं कर्जच. शिक्षण संपलं की वर्षानुवर्षं फेडायचं. त्याला दोन जामीन लागत. एक वडील, दुसरा वेगळ्या घरात राहणारा, कमावता नातेवाईक. दोघांनी नगरपालिकेत नोंदवलेला आपापला शिक्का कागदावर मारायचा. मी चुकवलं तर भरायचं त्यांनी.

"दुसरा कोण?" मी विचारलं.

आईचं माहेर हिरोशिमाचं. तिच्याकडचं कोणी उरलेलं नव्हतं. मोठे काका दोन वर्षांपूर्वी वारले होते. उरला तोकुजीदादा. तो बेटावरच्या जहाजांच्या कारखान्यात वेल्डर होता, पगार चांगला, नोकरी पक्की.

"त्याच्याकडे जायचं?" आई बाबांना म्हणाली. "कोणत्या तोंडाने?"

मग तिने मला सांगितलं. आमचे आजोबा एका मित्राला जामीन राहिले आणि मिठागर गेलं, घर गेलं. मरताना त्यांनी दोन्ही मुलांना जवळ बोलावून सांगितलं होतं, कोणाच्याही कागदावर शिक्का मारायचा नाही. तोकुजीदादा जहाजं आखायला शिकायला निघाला होता. त्याला हाच कागद मिळाला होता, आणि दुसऱ्या जामिनासाठी थोरला भाऊ धाकट्याच्या दारात आला होता. बाबांनी आजोबांचा शब्द पाळला.

"मग आता?" मी म्हणाले.

"आता तू आहेस," आई म्हणाली.

मी म्हणाले, नको मला कर्ज. कृषी सहकारी संस्थेत कारकुनाची जागा रिकामी होती, मास्तर तिथे शब्द टाकणार होते. मी हे मोठ्या मनाने बोलले असं मला वाटलं. पण रात्री उशीवर तोंड दाबून रडले, आणि पातळ भिंतीपलीकडे ते ऐकू जात असणार. शनिवारी बाबा कोणाला न सांगता ओनोमिचीला गेले आणि योकानची पेटी घेऊन आले. त्याच दुकानातली.

रविवारी आम्ही बोटीने बेटावर गेलो. बाबांनी लग्नकार्याचा कोट घातला होता. बोटीत ते पुन्हा पुन्हा ओठ हलवत होते, म्हणायचं वाक्य घोकत असावेत. मी दप्तरातला कागद चुरगळणार नाही असा धरून बसले होते.

काकांचं घर चढावर, हस्साकूच्या बागेला लागून. हस्साकू म्हणजे पपनसाचा धाकटा भाऊ, आंबट आणि थोडा कडवट. झाडं फळांनी वाकली होती. मोठ्या काकूने दार उघडलं.

"अगं बाई, तामेओभावजी! रस्ता आठवला म्हणायचा. आणि ही नोबुए? केवढी झाली! या, आत या, पाय गारठले असतील."

तोकुजीदादा घरी होता. नऊ वर्षांनी बघत होते मी त्याला. खांदे रुंद झाले होते आणि हातांवर ठिणग्यांनी भाजल्याचे बारीक डाग होते, तिळांसारखे. आम्ही खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाशी बसलो, गोधडी पायांवर ओढली. बाबांनी पेटी पुढे केली.

"काही विशेष नाही. आपलं असंच."

"असंच?" काकू म्हणाली.

"असंच."

काकूने पेटी उचलून देव्हाऱ्यापुढे, काकांच्या फोटोसमोर ठेवली आणि घंटी वाजवली. "ऐकलंत का, भावजींनी योकान आणलंय. तुम्हाला आवडायचं ना?" मग आमच्याकडे वळून म्हणाली, "मागच्या वेळी आमचंच योकान आमच्याकडे परत आलं, तर यांनी एक वडी खाल्ली नाही. मी आणि तोकुजीनेच संपवलं ते. घशाखाली उतरत नव्हतं, पण टाकणार कसं? महाग होतं."

बाबा हसल्यासारखं काहीतरी करून चहाकडे बघत राहिले.

मी वाट बघत होते. बाबा हवेबद्दल बोलले. मग ऑक्टोपसच्या भावाबद्दल बोलले. मग प्लास्टिकच्या चपलांनी पायाला कसा घाम सुटतो त्याबद्दल बरंच बोलले.

"काका, चहा गार झाला," दादा म्हणाला. "दुसरा देऊ?"

"नको, नको, हाच चांगला आहे."

"नोबुए परीक्षा पास झाली असं कानावर आलं."

"झाली, झाली. कशीबशी." बाबांच्या कपाळावर घाम आला होता. "पोरीची जात, शिकून काय..." आणि तिथेच थांबले.

दादा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याने पुढे काही विचारलं नाही. काकूही जागची उठली नाही. आता मला समजतं की त्या दोघांनी बाबांसाठी दार उघडून धरलं होतं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की माझा बाप या घरात लहान होत चालला आहे. मला त्यांची लाज वाटत होती. आणि तशी वाटते म्हणून स्वतःची.

"बरं तर," बाबा एकदम उठले. "बोटीची वेळ झाली."

काकूने पिशवीभर हस्साकू भरून दिले. "आईला दे. घरचेच आहेत." दारापर्यंत येऊन दोघांनी वाकून निरोप दिला आणि आम्ही उतार उतरू लागलो. कागद माझ्या दप्तरात तसाच होता.

धक्क्यावर पोहोचल्यावर मी म्हणाले,

"बाबा, तुम्ही विचारलंच नाही."

"त्यांनी फळं दिली," बाबा म्हणाले. "पेटी दिली, फळं आली. फिटलं. आता परत कसं जायचं? दुसरी पेटी कुठून आणायची?"

"फळं काय हो! घरात सडून पडलीयेत त्यांच्या."

"सहकारी संस्थेत वाईट काय आहे, नोबुए? बसून काम. छत्री, बोनस..."

"छत्री?"

"देतात म्हणे. नवीन लागलेल्यांना."

ते विनोद करत नव्हते. खरोखरच छत्रीचा विचार करत होते. समोर पाण्यात अर्धं बांधलेलं जहाज उभं होतं, लाल शेंदरी रंगाचं, आमच्या गावातल्या देवळाहून उंच. मला वाटलं, हे कसं तरंगतं ते दादाला माहीत असायला हवं होतं.

"मी जाऊन येते," मी म्हणाले.

"रिकाम्या हाताने?"

"पेटी तर दिलीच आहे ना. असंच म्हणून."

बाबांनी मला अडवलं नाही. फक्त मान फिरवली.

दादा दाराच्या पायरीवर विडी ओढत बसला होता. मला चढ चढताना त्याने पाहिलं असणार, पण जवळ जाईपर्यंत तो हलला नाही.

"काय विसरलीस?"

"विचारायचं राहिलं."

"तुझं नाही राहिलं. तुझ्या बापाचं राहिलं."

मी दप्तरातून कागद काढला. दोन्ही हातांनी पुढे धरला आणि पायरीसमोरच्या दगडावर गुडघे टेकले.

"ऊठ," तो चिडून म्हणाला. "दगड ओला आहे."

"दादा, मला जामीन राहशील का?"

"काय शिकणार आहेस?"

"जपानी साहित्य."

तो हसला, वाईट हसला नाही. "कविता वगैरे?"

"वगैरे."

"मला जहाजाचं पोट शिकायचं होतं. पाण्यात किती जाईल, किती वर राहील. कुणीतरी ते कागदावर काढतं आणि खाली मी त्या पत्र्यांना टाके घालतो. बरं काम आहे. तक्रार नाही." त्याने विडी पायरीवर विझवली आणि शर्टाच्या खिशातून एक छोटी कातडी पिशवी काढून मला दाखवली. आत शिक्का होता. "आई बाजारात गेली होती, तिथेच कळलं तिला तू पास झाल्याचं. तेव्हाच म्हटलं, आता काका येतील. सकाळपासून खिशात घेऊन बसलोय. त्यांनी तोंड उघडलं असतं तर वाक्य संपायच्या आत मारला असता."

"मग आता मार ना. मी विचारतेय."

"तुझ्याशी माझं काही नाही, नोबुए. तू तर त्या बंदांच्या मागे लपलेली होतीस, मी पाहिलं होतं तुला." तो थांबला. "एकदा, फक्त एकदा, त्यांच्या तोंडून. मग सगळं तुझं."

आतून काकूचा आवाज आला. "तोकुजी, पोरीला रडवू नकोस."

"मी नाही रडवत, ती आपली आपण रडतेय."

मी उठले. गुडघ्यांवर मोजे ओले झाले होते. चढ उतरताना मला पहिल्यांदाच काहीतरी ठरवायचं होतं, आणि ते पैशांचं नव्हतं. मी बाबांना सांगू शकत होते की दादा नाही म्हणाला. तेवढ्यावर सगळं मिटलं असतं. बाबांची मान ताठ राहिली असती, मला छत्री मिळाली असती. किंवा मी त्यांना त्या पायरीपाशी नेऊन उभं करायचं, माझ्या कवितांसाठी.

बाबा धक्क्यावर नव्हते. ते वळणावर उभे होते, फळांची पिशवी छातीशी धरून. खाली बोटीने भोंगा दिला.

"काय म्हणाला?"

मी त्यांच्या कोटाकडे बघितलं. एक बटण वेगळ्या दोऱ्याने शिवलेलं होतं.

"तुमच्या तोंडून ऐकायचंय म्हणतो."

असं म्हणताना मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं नाही. मला शिकायचं होतं. इतकं शिकायचं होतं की बापाला मी चढावर ढकललं.

त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढे झाले. बोट आम्हाला न घेता सुटली.

पायरीपाशी बाबा टोपी काढून उभे राहिले. दादाही उभा राहिला. काकू दारात आली. बोटीत घोकलेलं ते वाक्य बाबांना कुठे सापडेना.

"तोकुजी," ते म्हणाले, "पोरीला शिकायचंय."

दादा वाट बघत राहिला.

"तुलाही शिकायचं होतं."

आणि ते वाकले. इतके की मानेवरचे पांढरे केस दिसले. वर येईनात.

"पुरे, भावजी, पुरे," काकू म्हणाली. "आत या."

दादाने टेबलावर कागद पसरला, शिक्क्याला लाल शाई लावली आणि पूर्ण भार देऊन दाबला, जसा पत्रा दाबत असेल. मग बाबांचा शिक्का उमटला, थोडा तिरका. दादाने कागदावर फुंकर मारली आणि तो माझ्याकडे दिला.

"हप्ते चुकवू नकोस. माझ्या पोरांच्या वेळी मलाही कुठेतरी जावं लागेल."

तो आम्हाला पोहोचवायला बाहेर आला नाही. मी एकही हप्ता चुकवला नाही, पण ते फार पुढचं.

निघताना काकूने देव्हाऱ्यापुढची पेटी घेतली, आमच्यासमोरच तिचा कागद फाडला. पाहुण्यांसमोर भेट उघडायची नसते, पण तिने उघडली. अर्ध्या वड्या काढून वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माझ्या पिशवीत फळांवर ठेवल्या.

"परत करत नाही हं," ती बाबांना म्हणाली. "वाटून खातोय."

शेवटच्या बोटीत बाबा कठड्यापाशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. ते अंधारू लागलेल्या पाण्याकडे बघत होते. मी एका बाकावर बसून वर्तमानपत्र उघडलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. एक वडी मोडली, चेस्टनटसकट तोंडात टाकली.

नऊ वर्षांची असताना मी मनात जशी चव धरून बसले होते अगदी तशीच होती ती. मी दुसरी वडी घेतली. बाबांची पाठ हलत होती आणि माझ्या तोंडात सगळं इतकं गोड होतं की मला मान वर करवेना.