शनिवारी तोंडात ठेवलेली ओवी

खोटं बोलत असंन तर माझं दात पडू देत, आन् चारच उरल्यात! शबूद न् शबूद खरा हाय.

धाराशिवात दीना झिराडकर ऱ्हाती. कॉलेजात मराठी शिकवती. बेने इस्रायली, म्हंजी कोकणातली ज्यू. शुभ काम झालं की त्यांच्यात मलिदा करत्यात: गोड पोहे, खोबरं, फळं, आन् एलियाहू नबीला हाक मारायची. दीनाच्या घरात आणखी एक रीत. दर मलिद्याला घरातल्या कुणीतरी नवी ओवी रचून वहीत लिहायची.

औंदा दीनानं घर घेतलं. अलिबागचे बाबा फोनवर म्हनले, "रविवारी येतोय. माझा हात थरथरतो. ओवी आता तुझी. नसली तर वही मिटली समज."

आठ दिस दीनानं कागद फाडले. शुक्रवारी दिवस मावळताना तिनं शब्बाथचे, म्हंजी त्यांच्या इसाव्याच्या वाराचे, दिवे लावले, डोळ्यांवर हात ठेवला, आन् ओवी आली की आख्खी! पर शब्बाथ लागला की पेन धरायचा न्हाय, शनिवारी तीन चांदण्या दिसंस्तोर. आन् दीना असली इसराळू, की चष्मा डोक्यावर आन् शोध फ्रिजात.

शेजारची शांताक्का आली, अडचण ऐकली. गळ्यात लिंग, जिभंला लगाम न्हाय.

"म्या लिहिते की!"

"नको अक्का. तुमच्याकडून लिहून घेतलं तर मीच लिहिल्यासारखं."

"मग शिकव. शिकायची तरी मुभा हाय का?"

दीना हसली. "मुभा कसली? शिकायचाच दिवस आहे हा."

शनिवारभर दोघी म्हनत बसल्या. दीनाला वाटाय लागलं, काल लिहिली असती तर वही मिटून मोकळी झाले असते. आज ओवी अंगात मुरतीया.

सांजंला दोघी गच्चीवर गेल्या. एक चांदणी दिसली, दुसरी दिसली.

"ती बघ तिसरी!"

"अक्का, ते विमान आहे."

शेवटी तिसरी निघाली. दीनानं वही उघडली, 'सहा दिवस' लिहिलं, आन् डोस्कं कोरं! शांताक्कानं पदर सावरला आन् खडा आवाज लावला:

"सहा दिवस राबले हात,
सातवा देवाच्या दारात,
एलियाहू, बघते वाट,
खिलारी जुंपून ये रथा."

"खिलारी? घोडे होते ना, अक्का?"

"व्हते. येडशीच्या घाटात दमले. म्या बैल जुंपले."

दीनाचा पेन थांबला. मंग तिनं ठाम हातानं 'खिलारी' लिहिलं.

रविवारी मलिद्याच्या ताटाभोवती समदी बसली, शांताक्काबी. बाबांनी ओवी वाचली. "घोडे कुठं गेले गं?"

"कोकणात राहिले, बाबा. नबीला माझ्या घरी यायचं तर इथले बैल लागतील."

बाबांनी वही तिच्याच मांडीवर ठेवली. "आता ही इथंच राहू दे," म्हनले, आन् दोघींकडून ओवी तीनदा म्हनवून घेतली.

बरं, एक कबूल करते. बाबांनी एकदाच म्हनवली. उरलेल्या दोन बारी शांताक्का आपणहून म्हनली, तिला कुणी सांगितलंच नव्हतं.