गिऱ्हाइकाचं स्टूल

चाकूच्या कंपनीचा माणूस आला तो न विचारता स्टुलावर बसला, तिथेच म्हातारीचं डोकं फिरलं. चाकूंच्या त्या चिंचोळ्या दुकानात स्टूल एकच. गिऱ्हाइकाने त्यावर बसायचं, घडीचा चाकू दहादा उघडायचा, दहादा मिटायचा, चामड्याचा तुकडा कापून बघायचा, मगच भाव विचारायचा. ही तिच्या नवऱ्याने घातलेली रीत. तो स्वतःसुद्धा हयातीत कधी त्यावर टेकला नाही. आणि हा पाय पसरून बसला होता, जसं काही सासुरवाडीला आलाय.

"चहा नको हं आजी," तो म्हणाला.

"विचारला कुणी?"

तिचा मुलगा काउंटरमागून धावला. "सर, पाणी तरी?"

सरांनी मोबाइल पुढे केला. त्यात तिचंच बिल, तिच्याच वाकड्या आकड्यांत : चाकू एक, अकराशे. रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या म्हाताऱ्याने खुशीत फोटो काढून सोबत्यांना पाठवला होता. तो फोटो फिरत फिरत कंपनीत पोचला.

"चौदाशेच्या खाली विकायचा नाही. तुमची सही आहे नियमावर."

"माहीत आहे मला नियम."

माहीत होता आणि पटलाही होता. चौकातलं मोठ्या काचांचं चाकूंचं दुकान भाव पाडून तिची गिऱ्हाइकं ओढत होतं, ते याच नियमाने थांबलं. म्हणून तीन वर्षांत नव्या चाकूवर तिने एक पैसा सोडला नव्हता. शेजारणीच्या जावयालाही नाही. शेजारीण अजून तोंड फिरवून जात होती.

"पण तो नवा कुठे होता? दाखवायचा चाकू तो. शंभर हातांनी उघडलाय. खिळा ढिला झाला, पातं हलायला लागलं. त्याचे नव्याचे पैसे घेऊ?"

"कंपनीच्या दृष्टीने तो नवाच."

"मग कंपनीला चष्मा करून द्या."

"आई!" मुलगा कळवळला. "माल बंद करतील. अर्धा खप यांच्याच चाकूंचा आहे."

साहेब पुढे झुकला, आवाज खाली आणला. "मार्ग आहे ना. तुम्ही अकराशे घ्या, हजार घ्या, मला काय करायचंय? बिलावर चौदाशे लिहा. सगळे तेच करतात. त्या बिलाच्या जागी दुसरं फाडा, वरती मी सांभाळतो."

म्हातारीने बिलबुक जवळ ओढलं. शाळा तिने एक वर्ष पाहिली होती. सही आणि ‘चाकू’ एवढं सोडून अक्षरं कधीच विसरली, पण आकडे नवऱ्याने अशाच बिलबुकाच्या पाठीवर बोट धरून गिरवून घेतले होते. घेतलं तेवढंच लिहायचं, एवढंच शिक्षण.

तेवढ्यात दारात तो कलमवालाच उभा राहिला. फडक्यात गुंडाळलेला चाकू आणि हातात तीनशे.

"काकू, सोबत्यांकडून कळलं मला. माझ्यामुळे तुम्हाला त्रास नको. वरचे घ्या."

जन्मभर गुडघ्यांवर बसून कलमं केलेला माणूस. त्याने काउंटरची कड धरली. साहेब जागचा हलला नाही.

"बघा, गिऱ्हाईकच भरतंय. मिटलं!"

मुलाचा हात नोटांकडे गेला.

"हात मागे घे," म्हातारी म्हणाली.

तिने काचेखालचा मखमली ट्रे ओढला आणि कंपनीचे नऊ नवे चाकू एकेक करून साहेबासमोर ठेवले. मखमल उन्हाने विटली होती; चाकू होते तिथे मात्र तिचा रंग जुनाच होता, गडद. नऊ चाकूंच्या नऊ खुणा.

"आई, खायचं काय आपण?"

"धार लावू. हात शाबूत आहेत अजून." मग ती साहेबाकडे वळली. "मोजून घे आणि पावती दे. आहेत तेवढेच लिही."

"आजी, रागाच्या भरात तुम्ही..."

"ऐक. नियम सगळ्यांना सारखा, म्हणून मी पाळला. त्यापायी माणसं तोडली. आणि तू मला खोटं लिहायला शिकवतोस? चाकू चांगला करता तुम्ही, विकायची लायकी नाही तुमची. ऊठ त्या स्टुलावरून. माझं गिऱ्हाईक उभं आहे."