पितळ्यासाहेबाची बिडी

देवराव चपराशाने बिडी पेटवून पितळ्यासाहेबाच्या बुटावर ठेवली, तेव्हा रुखमाबाई कोर्टाचं अंगण झाडत होती. कोर्ट उघडायला अवकाश होता. बिडी कोणासाठी, हे तिला न सांगताच कळलं. आज तिच्या नवऱ्याचा, डोमाजीचा निकाल होता.

तालुक्याच्या त्या कोर्टापुढे गोऱ्या कर्नलाचा हा पंचधातूचा पुतळा इंग्रजांच्या काळापासून उभा होता. लोक त्याला पितळ्यासाहेब म्हणत. त्याने म्हणे गेल्या शतकात रोहिल्यांचं बंड मोडलं आणि हाती लागलेल्यांना समोरच्याच चिंचेला टांगलं. इंग्रज गेला, चिंच वठली, साहेब मात्र हलला नाही. ज्याने जिवंतपणी कोणाला सोडलं नाही, त्याच्यापुढेच लोक सुटकेसाठी हात जोडत, आता बोला! वकिलाची फी बुडवणारे महाभागही साहेबाची बिडी चुकवत नसत. बिडी दोऱ्यापर्यंत जळाली तर माणूस सुटतो, मधेच विझली तर आत जातो. इतकी वर्षं ती राख झाडताना रुखमाबाईने हा नेम एकदाही चुकलेला पाहिला नव्हता. कोणी ओढत नसताना बिडीचं टोक मधूनमधून लाल व्हायचं. तिला त्याची भीती वाटे.

बौद्ध धम्माची दीक्षा आणि कुठल्याही देवापुढे हात न जोडण्याची शपथ घेऊन आल्यावर तिने घरातले देव नदीत सोडले होते. मग वस्तीने मेलेली ढोरं ओढणंही सोडलं. त्यावरून गावात मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं आणि नाव घेतलं गेलं डोमाजीचं. तो तर घोळक्यात सगळ्यांत मागे होता. गेल्या तारखेला त्याने तिच्याकडे काही मागितलं नाही. नुसता पुतळ्याकडे बघत राहिला, आणि ते बघणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं.

“तू हात लावलाच नाई,” देवराव म्हणाला. “तुया शपथेले काई होत नाई. बिडी म्या ठेवली.”

“कोनासाठी ठेवली?”

देवरावने कोर्टाच्या बंद दाराकडे मान वळवली. भला माणूस होता, तिच्या भल्यासाठीच करत होता.

दोघं बिडीकडे पाहत राहिले. वारा पडलेला, तरी टोक लाल झालं, काळवंडलं, पुन्हा लाल झालं. बिडी झकास जळत होती. म्हणजे डोमाजी सुटणार होता. रुखमाबाईचा जीव हरखला, आणि त्या हरखण्याचीच तिला शिसारी आली. सुटून आलेला नवरा जन्मभर या बुटाचा मिंधा राहणार, आणि तीही. ढोरं ओढायची सोडली ती काय यासाठी?

तिने खराटा खाली टाकला आणि बिडी चिमटीत धरली. ती निघेना. पलीकडून कोणी ओठांत धरून ठेवल्यासारखी घट्ट होती. माघातल्या गारठ्यातही बूट माणसाच्या अंगासारखा उबदार लागला. वर पाहायची तिची छाती झाली नाही. दात आवळून तिने हिसका दिला आणि बिडी मातीत चुरडली. चिमटीतली दोन्ही बोटं भाजली. तेवढ्यात वरून तिच्या तोंडावर धूर आला, कोणी सावकाश सोडावा तसा. देवराव मागे सरत सरत थेट व्हरांड्यात गेला.

डोमाजीला सहा महिन्यांची सजा झाली.

तोवर बिडीची गोष्ट अंगणभर झाली होती. बाया रुखमाबाईपासून सरकून बसल्या. आपणच नवऱ्याला आत घातलं, असं वाटून तिला भडभडून आलं, पण त्या बुटासमोर ती रडली नाही. शिपायाने डोमाजीला बेडी घालून बाहेर आणलं, तशी ती वाटेत आडवी गेली. दुसऱ्या कोणी सांगण्याआधी तिलाच सांगायचं होतं.

“देवरावनं तुमच्यासाठी बिडी ठेवली होती,” ती म्हणाली. “चांगली जळून राह्यली होती. म्याच विझवली.”

डोमाजीचा चेहरा उतरला.

“मले सुटावं वाटे,” तो म्हणाला. “लय वाटे.”

ती पदर सावरायला गेली आणि त्याला तिची बोटं दिसली.

“भाजलं का?”

ती हात मागे नेऊ लागली. त्याने बेडीतल्या दोन्ही हातांनी तो ओढून घेतला, आणि मान वाकवून फोडांवर हलकेच फुंकर घालू लागला. मोटारीची वेळ झाली, असं शिपाई म्हणाला; मग त्यानेही हातातली बेडीची साखळी सैल सोडली.